पुष्परचना व परागण करणारे प्राणी

सपुष्प वनस्पतींत केसरदलांच्या टोकाशी असलेल्या परागकोशांतून बाहेर पडणारे परागकण त्याच जातीच्या फुलातील किंजल्कावर (किंजदलाच्या पराग स्वीकारणाऱ्या टोकावर) पोहोचणे, या क्रियेस परागण म्हणतात [⟶ परागण]. वनस्पतीला जागा सोडता येत नसल्याने हे काम वारा, पाणी किंवा प्राणी यांच्याकडून होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार सपुष्प वनस्पतींच्या सु. ८७·५ टक्के जाती यासाठी प्राण्यांवर अवलंबून आहेत आणि उष्ण कटिबंधात हे प्रमाण आणखी अधिक आहे. प्राणी फुलाकडे येतो तो मकरंद, पराग, निवारा किंवा नुसता आभास यांच्या ओढीने. परागकण नेणे हा त्याचा हेतू नसतो. त्याला बोलावणे, योग्य जागी बसविणे व त्याच्या अंगाला पराग लावून सोडणे ही कामे फुलाचा आकार, रंग, गंध व उमलण्याची वेळ यांच्याकडून होतात. फुलाची ठेवण व त्याच्याकडे येणारा प्राणी यांच्यात मेळ असतो, ही कल्पना आज सर्वपरिचित आहे. परंतु ती मान्य होण्यास सु. शंभर वर्षे लागली आणि तिच्या मर्यादा कळण्यास त्याहून अधिक काळ लागला. या इतिहासात मुंबईत झालेल्या निरीक्षणांनाही स्थान आहे. बोरिवली ते मुलुंड यांदरम्यान पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान (क्षेत्रफळ सु. १०४ चौ. किमी.) व ठाण्याच्या खाडीकाठची खारफुटी यांमुळे या मेळाचे बहुतेक सर्व प्रकार उपनगरांच्या परिसरातच पाहावयास मिळतात.

प्रारंभीचे ज्ञान : भुंगा व कमळ यांची जोडी भारतीय साहित्यात फार जुनी असून मधुकर, मकरंद, पराग, केसर हे शब्दही प्राचीन आहेत. मेसोपोटेमियात खजुराच्या मादी झाडावर नर फुलोरा झाडून फळधारणा घडवून आणीत. तथापि फूल हे वनस्पतीचे जननेंद्रिय आहे, हे प्रयोगाने सिद्ध झाले ते सतराव्या शतकाच्या अखेरीस. जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ याकोप कामेरारियुस (१६६५–१७२१) यांनी १६९४ मध्ये परागाशिवाय बीजधारणा होत नाही, असे दाखविले. योझेफ गोटलीप कलरॉयटर (१७३३–१८०६) यांनी १७६१ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या संकर-प्रयोगांच्या वृत्तांतात अनेक फुलांना कीटकांची मदत अपरिहार्य असते, असे नमूद केले.

फुलाच्या प्रत्येक भागाचा अर्थ कीटकाच्या संदर्भात लावण्याचे श्रेय मात्र क्रिस्टियान कोनराट श्प्रेंगेल (१७५०–१८१६) यांना दिले जाते. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ येथे शाळेचे प्रमुख असताना १७८७ मध्ये जिरेनियमाच्या एका जातीच्या पाकळ्यांच्या तळाशी असलेले बारीक केस त्यांच्या नजरेस आले. हे केस पावसाच्या पाण्यापासून मकरंदाचे रक्षण करीत असावेत व मकरंद कीटकांसाठी असावा, असा तर्क त्यांनी केला. त्यानंतर शेकडो जातींचे निरीक्षण करून १७९३ मध्ये त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाकळ्यांवरील रेषा व ठिपके मकरंदाकडे जाणारी वाट दाखवितात, काही फुले मकरंद नसतानाही कीटकांना फसवितात आणि अनेक फुलांत परागकोश व किंजल्क एकाच वेळी पक्व होत नसल्याने स्वपरागण टळते, ही त्यांची निरीक्षणे आजही ग्राह्य आहेत. समकालीनांनी मात्र या ग्रंथाची फारशी दखल घेतली नाही. परपरागणाने वनस्पतीला कोणता लाभ होतो, याचे उत्तर श्प्रेंगेल यांच्यापाशी नव्हते.

डार्विन व त्यानंतर : ते उत्तर चार्ल्‌स डार्विन (१८०९–८२) यांनी दिले. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडल्यावर १८६२ मध्ये त्यांनी आमरींच्या (ऑर्किडांच्या) परागणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १८७६ मध्ये परपरागणाने निपजलेली संतती स्वपरागणाच्या संततीपेक्षा सामान्यतः अधिक जोमदार असते, असे प्रयोगांनी दाखविले. मादागास्करमधील एका पांढऱ्या आमरीची मकरंदाची शुंडिका (पाकळीपासून निघालेली बंद नळी) सु. ३० सेंमी. लांब असते. तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असला पाहिजे, असे भाकीत डार्विन यांनी केले. असा पतंग १९०३ मध्ये वर्णिला गेला. फुलावरून प्राणी ओळखता येतो, या मताला या घटनेने मोठे बळ मिळाले.

यानंतर जर्मनीत हेर्मान म्यूलर (१८२९–८३) यांनी कीटकांची मुखांगे व फुले यांचा तौलनिक अभ्यास केला आणि इटलीत फेदेरीको देल्पीनो (१८३३–१९०५) यांनी फुलांची विभागणी त्यांच्याकडे येणाऱ्या प्राण्यांच्या गटांनुसार केली. विसाव्या शतकात कार्ल फोन फ्रिश (१८८६–१९८२) यांनी मधमाशीला रंग दिसतात, पण शुद्ध तांबडा रंग तिला वेगळा ओळखता येत नाही, असे प्रयोगांनी दाखविले. माणसाला न दिसणारे जंबुपार किरण तिला दिसतात, हेही पुढे स्पष्ट झाले. क्नूट फेग्री व लेएन्डर्ट व्हान डर पेल यांच्या १९६६ मधील ग्रंथाने या सर्व ज्ञानाची एकत्र मांडणी केली. तीनुसार मधमाश्यांची फुले निळी, जांभळी वा पिवळी, उतरण्यास ओठासारखी जागा असलेली व दिवसा उमलणारी. फुलपाखरांची भडक रंगाची व अरुंद नळीची. पतंगांची फिकट, रात्री सुवासिक व लांब नळीची. पक्ष्यांची तांबडी, गंधहीन, बळकट व भरपूर पातळ मकरंदाची. वटवाघळांची रात्री उमलणारी, मोठी, आंबूस वासाची व पानांपासून मोकळी. तर काही माश्यांची व भुंगेऱ्यांची कुजक्या मांसासारख्या रंगाची व वासाची असतात. अशा गुणसमुच्चयाला ‘परागण-लक्षणसमूह’ म्हणता येईल.

मुंबईतील निरीक्षणे : वरील वर्गीकरण मुख्यतः यूरोपातील कीटक आणि अमेरिकेतील गुंजनपक्षी यांवर आधारलेले होते. भारतातील परिस्थिती वेगळी होती. येथे गुंजनपक्षी नाहीत. फळे व मकरंद खाणारी वटवाघळे मात्र आहेत आणि अनेक मोठे वृक्ष पाने गाळून ऐन उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलतात. या निरीक्षणांना व्यासपीठ मिळाले ते मुंबईतील बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. ही संस्था १८८३ मध्ये स्थापन झाली व तिचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले. थीओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील ग्रंथाने (१९०१–०८) वनस्पतींची ओळख सुकर झाली होती आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेल्बर्ट ब्लॅटर यांनी क्षेत्रीय अभ्यासाची परंपरा रुजविली होती.

ब्लॅटर यांचे सहकारी व सोसायटीच्या संग्रहालयाशी संबंधित असलेले चार्ल्‌स मॅक्कॅन (१८९९–१९८०) यांनी १९३१ मध्ये किगेलिया या वृक्षाच्या परागणावर टिपण लिहिले. आफ्रिकेतून आणून भारतातील बागांत लावलेल्या या वृक्षाची मोठी, गडद तांबूस फुले लांब दोरासारख्या देठांवर झाडाच्या घेराबाहेर लोंबतात व रात्री उमलतात. येथील वटवाघळे त्यांचे परागण करतात, असे त्यांनी दाखविले. १९३३ मध्ये त्यांनी मूळच्या ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओक वृक्षाच्या फुलांचे परागण मोठे वटवाघूळ व खार यांच्याकडून होते, असे नोंदविले. या दोन्ही नोंदींचा अर्थ महत्त्वाचा आहे. फूल एका खंडातले व प्राणी दुसऱ्या खंडातला असूनही मेळ बसला. याचा अर्थ असा की, फुलाची ठेवण बहुधा एका विशिष्ट जातीला नव्हे, तर प्राण्याचा आकार, त्याची इंद्रिये, त्याचे बळ व त्याच्या वावरण्याची वेळ यांना अनुरूप असते.

सलीम अली (१८९६–१९८७) यांनी १९३२ मध्ये त्याच नियतकालिकात भारतातील फुलांवर येणारे पक्षी व पक्ष्यांची फुले यांवर विस्तृत लेख प्रसिद्ध केला. तोपर्यंत पक्ष्यांकडून होणारे परागण हा प्रामुख्याने अमेरिकेतील गुंजनपक्ष्यांचा विषय समजला जाई; भारतात त्याचा पद्धतशीर विचार करणाऱ्या पहिल्या लेखनांत या लेखाची गणना होते. १९४३ मध्ये मॅक्कॅन यांनी काही फुलांतील ‘प्रकाश-खिडक्यां’चे वर्णन केले. सह्याद्रीत आढळणाऱ्या खरपुडीच्या (सेरोपेजिया) नळीदार फुलात लहान माश्या शिरतात. नळीतील खाली वळलेले केस त्यांना परत येऊ देत नाहीत आणि तळाशी असलेल्या पारभासक भागातून येणाऱ्या उजेडाकडे त्या ओढल्या जातात. जननेंद्रिये तेथेच असतात. काही काळाने केस सुकतात व पराग घेतलेली माशी सुटते.

उपनगरांतील उदाहरणे : (१) मधमाश्या : राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर दाट वाढणारी कारवी (लॅ. स्ट्रोबिलँथस कॅलोसा, कुल–ॲकँथेसी) हे मधमाश्यांच्या फुलाचे नमुनेदार उदाहरण होय. तिची फुले निळसर जांभळी व तुतारीच्या आकाराची असतात. आत शिरणाऱ्या माशीच्या अंगाला परागकोशांचा स्पर्श होतो. आग्या मधमाशी व सातेरी मधमाशी या फुलांवर मोठ्या संख्येने येतात आणि कारवीचा मध दाट व गडद रंगाचा असतो. वारली व अन्य आदिवासी तिच्या सरळ काठ्यांचे कूड घालून त्यांवर माती लिंपतात.

(२) पक्षी : पांगारा, पळस व काटेसावर हे वृक्ष साधारणपणे माघ-फाल्गुनात निष्पर्ण अवस्थेत तांबड्या-केशरी फुलांनी भरून जातात. अमेरिकेतील गुंजनपक्षी हवेत स्थिर राहून मकरंद पितात. येथील सूर्यपक्षी, बुलबुल, साळुंकी, कोतवाल हे मात्र बहुधा फांदीवर बसून पितात. त्यानुसार येथील फुलेही वेगळी आहेत. पांगाऱ्याचा फुलोरा जाड दांड्याचा असून पक्ष्याला त्यावर बसता येते. पांगाऱ्याच्या प्रजातीत गुंजनपक्ष्यांवर अवलंबून असलेल्या जातींच्या मकरंदात ऊस-शर्करेचे प्रमाण अधिक, तर बसून पिणाऱ्या पक्ष्यांवर अवलंबून असलेल्या जातींत द्राक्ष-शर्करा व फल-शर्करा यांचे प्रमाण अधिक असते. आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाच्या लांब नळीच्या फुलांवर सूर्यपक्षी सतत दिसतात.

(३) वटवाघळे व पतंग : टेटूची मोठी, जाड पाकळ्यांची व उग्र वासाची फुले रात्री उमलतात, लांब दांड्यांमुळे ती पानांच्या वर राहतात व वटवाघळांना तेथे पोहोचण्यास अडथळा होत नाही. मूळच्या आफ्रिकेतील गोरखचिंचेचे जुने वृक्ष मुंबई परिसरात टिकून आहेत. त्यांची लोंबती पांढरी फुलेही रात्रीचीच. खाडीकाठच्या पांढऱ्या चिपीला (लॅ. सॉनेरेशिया आल्बा) महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले. तिची फुले सायंकाळी उमलतात. त्यांची पांढरी शोभा पाकळ्यांची नसून असंख्य केसरदलांची असते व सकाळी ती झडून पाण्यात पडलेली दिसतात. चिपीच्या प्रजातीतील फुलांवर वटवाघळे व हॉक पतंग येतात. मलेशियात चिपीचा मकरंद पिणारी गुहावासी वटवाघळेच ड्युरियन या मौल्यवान फळझाडाचे परागण करतात, असे आढळले आहे. म्हणजे खाडीतील झाड तोडले, तर दूरच्या बागेतील फळ कमी होऊ शकते.

(४) भुंगेरे व माश्या : पावसाळ्याच्या तोंडाशी बोरिवली, मुलुंड, ठाणे येथील बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळे (लॅ. ॲमॉर्फोफॅलस कम्युटेटस) विकावयास आणतात. खाज मोडण्यासाठी काकडाच्या आंबट फळांसह शिजविली जाणारी ही भाजी म्हणजे वस्तुतः न उमललेला फुलोरा होय. तो जंगलात उमलला, तर त्याला कुजक्या मांसासारखा दुर्गंध सुटतो व मुख्यतः भुंगेरे त्याकडे येतात. स्त्री-पुष्पे आधी व पुं-पुष्पे नंतर पक्व होत असल्याने एका फुलोऱ्यातील पराग दुसऱ्यात पोहोचतो.

(५) उंबरकीटक : क्वचित भेटणाऱ्या माणसाला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात. प्रत्यक्षात उंबराची असंख्य बारीक फुले त्याच्या तथाकथित फळाच्या आतच असतात. टोकाशी असलेल्या छिद्रातून एक सूक्ष्म गांधीलवर्गीय मादी आत शिरते, परागण करते, काही फुलांत अंडी घालते व बहुधा तेथेच मरते. वड, पिंपळ व उंबर यांचे परागण करणारे कीटक निरनिराळ्या जातींचे आहेत. एकाचा कीटक दुसऱ्याच्या सहसा उपयोगी पडत नाही. जातीला जात बांधलेली असण्याचे हे टोकाचे उदाहरण असून ते नियम नव्हे, अपवाद आहे.

कल्पनेचा पुनर्विचार : लक्षणसमूह सोयीचे असल्याने फुलाकडे पाहूनच त्याचा परागण-साहाय्यक ठरविण्याची प्रवृत्ती बळावली. त्यावरील पहिले आक्षेप प्रत्यक्ष निरीक्षणांतून आले. फुलपाखरांचे फूल मानल्या गेलेल्या घाणेरीचे (टणटणीचे) परागण दिल्ली येथे थ्रिप्स हे अतिसूक्ष्म कीटक करतात, असे १९७८ मध्ये दिसून आले. तिची फुले आधी पिवळी असतात व नंतर रंग बदलतात. कीटक मुख्यतः पिवळ्या, ताज्या फुलांकडे जातात. दिल्ली विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये पळसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पळसाचे फूल सर्व लक्षणांनी पक्ष्यांचे आहे आणि त्यावर सात जातींचे पक्षी आले. परंतु त्यांपैकी परागण घडवून आणणारा पक्षी एकच, जांभळा सूर्यपक्षी, होता. दुसरा कार्यक्षम प्राणी निघाला तो खार. सत्तर वर्षांपूर्वी मॅक्कॅन यांनी सिल्व्हर ओकवर नोंदविलेली खार या वर्गीकरणात कोठेच बसत नव्हती. पळसावरील अभ्यासाने ती नोंद किरकोळ नव्हती हे दिसून आले. फुलावर येणे व परागण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाही धडा त्यातून मिळाला.

१९९६ मध्ये निकोलस वेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुतेक फुलांकडे अनेक प्रकारचे प्राणी येतात, याकडे लक्ष वेधले. २००९ मध्ये सहा वनस्पतिसमुदायांवर घेतलेल्या चाचणीत लक्षणसमूहावरून केलेले भाकीत केवळ सु. एक-तृतीयांश जातींबाबत खरे ठरले. उलट २०१४ मध्ये ४१७ जातींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले असता, सर्वांत कार्यक्षम प्राण्यापुरता विचार केल्यास लक्षणसमूह बऱ्याच अंशी विश्वसनीय आहेत, असे दिसले. दोन्ही निष्कर्ष एकत्र घेता असे म्हणता येते की, फुलाची ठेवण त्याच्या पूर्वजांना उपयोगी पडलेल्या प्राण्यांची साक्ष देते. आज त्या जागी कोण काम करीत आहे, हे मात्र तेथे जाऊनच पाहावे लागते.

महत्त्व : हा भेद केवळ तात्त्विक नाही. कारवी साधारणपणे आठ वर्षांनी एकदाच एकत्रितपणे फुलते, बी धरते व मरते. राष्ट्रीय उद्यानातील कारवी २००८, २०१६ व २०२४ मध्ये फुलली. हाच क्रम राहिल्यास पुढचा बहर २०३२ मध्ये यावा. मधल्या वर्षांत तिच्यावर फूल नसते. त्या काळात मधमाश्या जगतात त्या भोवतालच्या इतर झाडाझुडपांवर, आणि त्यांत शहरातील पांगारा, काटेसावर, जांभूळ, करंज व खाडीतील तिवर हेही येतात. आग्या मधमाश्यांची पोळी उंच झाडांप्रमाणे इमारतींच्या छज्ज्यांखालीही लागतात. ती भीतीपोटी जाळली जातात, तेव्हा हानी त्या इमारतीपुरती राहत नाही. वार्षिक झुडपाचा एक हंगाम वाया गेला, तर पुढच्या वर्षी भरपाई होऊ शकते. कारवीला मात्र आठ वर्षे थांबावे लागते आणि फुललेली पिढी तोवर उरत नाही. बहराच्या वर्षी माश्या पुरेशा असतील की नाही, हे त्या वर्षी नव्हे, तर आधीच्या सात वर्षांत ठरते.

श्प्रेंगेल यांनी एका पाकळीवरील केसांचा अर्थ शोधण्यापासून या अभ्यासाला प्रारंभ केला. मुंबईत मॅक्कॅन व सलीम अली यांनी तोच मार्ग अनुसरला. त्यांनी पुस्तकातील वर्गीकरणापेक्षा झाडाखाली उभे राहून केलेल्या नोंदीस अधिक मान दिला. त्यांच्या निरीक्षणांतील वटवाघूळ, सूर्यपक्षी, खार व मधमाशी आजही या उपनगरांत आहेत आणि फुलांशी असलेले त्यांचे नाते पडताळून पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही.